घडीतला झेंडा

पंधरा ऑगस्टला येलदरीत सगळी धांदल असायची, आणि आमचे आबा ओट्यावर बसून सुपारी कातरत असायचे. आम्ही पोरं पांढरे कपडे घालून शाळेकडे पळत असू. धरणाच्या वीजघराकडची माणसंही इस्त्रीच्या कपड्यांत दिसायची. आबांच्या अंगात मात्र रोजचीच बंडी.

"आबा, झेंड्याला येत नाही का?"

"आपला झेंडा अजून महिनाभर पुढं आहे. जा तू."

महिन्यानंतर, सतरा सप्टेंबरला, हेच आबा पहाटे उठून आंघोळ करायचे, नीळ दिलेलं धोतर नेसायचे आणि टोपी घालून सगळ्यांच्या आधी शाळेच्या मैदानात जाऊन उभे राहायचे. म्हाताऱ्याच्या तारखा चुकतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तारखा माझ्याच चुकत होत्या, हे नंतर कळलं.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा झेंडा पिवळा, आणि मधोमध पांढरा गोल. तो गोल चंद्रही नव्हता आणि सूर्यही नव्हता. ती होती भाकरी, कुलचा. आसफजाही घराण्याच्या मूळ पुरुषाला एका अवलियानं कुलचे खायला घातले, त्यानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद मिळाला, अशी दंतकथा. मोजून सातवा निजाम गादीवर असतानाच राज्य गेलं, त्यामुळे ही कथा आमच्याकडे फार चवीनं सांगतात. त्या पिवळ्या झेंड्याच्या राज्यात तिरंगा लावणं हा गुन्हा होता. तो लावा, असं सांगणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या स्वामी रामानंद तीर्थांना ऐन १५ ऑगस्टला अटक झाली. पुढे लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार यांनी गावोगाव जो उच्छाद मांडला, त्याबद्दल आबा फारसं बोलत नसत. बोलायचे ते तुळईबद्दल.

आमचं जुनं घर माळवदाचं. सागाची तुळई, तिच्यावर आडव्या लाकडांची दाटी, वर माती. तुळई आणि लाकडं यांच्या सांदीत एक तिरंगा तेरा महिने होता. आबा तेव्हा सतरा वर्षांचे. कुणी आणून दिला, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं," म्हणायचे. निजाम गेला, रझवी तुरुंगवास भोगून पाकिस्तानात गेला, पूर्णेवर धरण झालं, त्यातून साडेबावीस मेगावॅट वीज निघायला लागली, तरी ठरलेलं ते ठरलेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करल्याची बातमी आली, ती खरी आहे याची खात्री झाली, तेव्हा झेंडा खाली काढला. पण घड्या काही केल्या मोडेनात. पणजीनं पितळी तांब्यात निखारे भरून त्याच्यावर फिरवला. तरीही काठीवर चढला तो अंगावर उभ्या-आडव्या रेघा घेऊनच.

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की तिचं काही वाटेनासं झालं होतं. ती पुन्हा आठवली ती पुण्यात, १९९७ साली.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली होती. मी शिकायला पुण्यात होतो. वसतिगृहातल्या भिंतीवरच्या मासिकासाठी माझ्या वाट्याला 'आपल्या ध्वजाची वाटचाल' असा विषय आला. सोपं काम होतं. सरकारी माहितीत सगळं क्रमवार दिलेलं असतं: पहिला झेंडा ७ ऑगस्ट १९०६ ला कलकत्त्यात पारशी बागान चौकात, दुसरा मादाम कामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये, १९०७ साली, कुणी म्हणतात १९०५, वरच्या पट्ट्यावर एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे, हाच झेंडा बर्लिनच्या समाजवादी परिषदेतही दाखवला गेला. मी हे सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, बाजूला चित्र काढलं, एक कमळ आणि सात तारे नीट मोजून रंगवले. तेव्हा खोलीतला एक पुणेकर मित्र म्हणाला, "चित्र कशाला काढतोस? खरा झेंडा नारायण पेठेत आहे. केसरीवाड्यात. सायकलवर दहा मिनिटं."

मी गेलो. केसरीवाडा बाहेरून जेवढा वाटतो तेवढाच आत मोकळा आहे. गणपतीचं स्थान, टिळकांचा पुतळा, झाडांची सावली, आणि शहराच्या ऐन मध्यात असूनही एक शांतता. टिळकांच्या वस्तू जपून ठेवलेल्या. मंडालेच्या आठवणी. आणि तिथेच, काचेमागे, तो झेंडा.

रंग विटलेले तीन पट्टे. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. खाली सूर्य आणि चंद्रकोर. माहितीत लिहिलेलं: जर्मनीतलं स्टुटगार्ट, १९०७, मादाम कामा.

ना पॅरिस, ना बर्लिन. मी वहीतलं चित्र काढून काचेशेजारी धरलं. हा माझा झेंडाच नव्हता.

आता भिंतीवरच्या मासिकात काय छापलं यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण मला ते टोचत राहिलं. तुळईतल्या झेंड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला झेंडा कुठून आला हे कुणी सांगत नसेल तर समजतं. इथे तर सगळे सांगत होते, आणि वेगवेगळं सांगत होते. पुढचे दोन महिने मी ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवल्या. एकेक दुवा हाती येत गेला तसं माझं चित्र जास्तच खोटं ठरत गेलं.

पहिली गोष्ट, गाव. १९०७ च्या ऑगस्टमध्ये समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती स्टुटगार्टमध्येच, १८ ते २४ तारखेपर्यंत. जवळपास नऊशे प्रतिनिधी. फ्रान्सचे झां जॉरेस, जर्मनीच्या क्लारा झेटकिन आणि रोझा लुक्सेंबुर्ग, रशियाचे लेनिन, असे सगळे त्या सभागृहात. हिंदुस्थानचं प्रतिनिधित्व करायला तिथे कोण होतं? पंचेचाळीस वर्षांच्या एक पारशी बाई आणि काठेवाडचे सरदारसिंह राणा. राणा पॅरिसमध्ये जवाहिऱ्याचा व्यवसाय करत.

भिकाईजी रुस्तम कामा मुंबईच्या. २४ सप्टेंबर १८६१ चा जन्म, सोराबजी फ्रामजी पटेलांसारख्या श्रीमंत बापाची लेक, वकील रुस्तम कामांशी लग्न. नवऱ्याला इंग्रजी राज्य प्रिय, बायकोला नको, त्यामुळे संसाराचं जे व्हायचं ते झालं. १८९६ च्या प्लेगात त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, त्यात स्वतःलाही प्लेग झाला, वाचल्या, आणि पुढे प्रकृतीसाठी म्हणून विलायतेला गेल्या. तिथे श्यामजी कृष्णवर्मा भेटले, लंडनच्या इंडिया हाउसमधली पोरं भेटली, १९०६ मध्ये बॅरिस्टर व्हायला आलेले सावरकर भेटले. प्रकृतीसाठी गेलेली बाई तीस-एक वर्षं परतली नाही. परतायला सरकारनं परवानगीच दिली नाही, हे खरं कारण.

परिषदेत त्यांना बोलू देण्यावरूनच वाद झाला. हिंदुस्थान हे राष्ट्र नाही, मग त्याचा प्रतिनिधी कसा, असा इंग्रज प्रतिनिधींपैकी काहींचा सवाल होता. त्यांत पुढे मजूर पक्षाचे पंतप्रधान झालेले रॅम्से मॅक्डोनाल्ड होते, असं सांगतात. गंमत अशी की जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणायला जमलेल्या माणसांना साम्राज्य म्हटलं की आपापला देश आठवत होता. बाजू घेतली ती दुसऱ्या एका इंग्रजानं, हिंडमन यांनी, आणि जॉरेस यांनीही. २२ ऑगस्टला कामाबाई व्यासपीठावर आल्या. ब्रिटिश राज्यात हिंदुस्थानची कशी पिळवणूक चालली आहे ते बोलल्या, आणि बोलता बोलता त्यांनी एक झेंडा उलगडला. हा स्वतंत्र हिंदुस्थानचा झेंडा आहे, उठून त्याला वंदन करा, असं आवाहन त्यांनी समोरच्यांना केलं.

हिरवा, केशरी-पिवळा, तांबडा. वरच्या हिरव्या पट्ट्यावर आठ कमळं, ब्रिटिश हिंदुस्थानच्या आठ प्रांतांची. मध्ये 'वंदे मातरम्'. खालच्या तांबड्यावर सूर्य आणि चंद्र.

हिंदुस्थानाबद्दलचा त्यांचा ठराव मात्र मताला टाकला गेलाच नाही. आधी रीतसर सादर झाला नव्हता, असं तांत्रिक कारण निघालं. कामाबाईंच्या हातात उरला तो झेंडा.

आठ कमळं वाचली आणि मी थबकलो. माझ्या चित्रात एक कमळ आणि सात तारे. म्हणजे बेरीज आठच. कुठे तरी कुणी तरी आकडा बरोबर ठेवला होता, वस्तू बदलल्या होत्या. मग १९१७ चा होमरूल चळवळीचा झेंडा पाहिला, ॲनी बेझंट आणि खुद्द टिळकांच्या चळवळीचा, तर त्याच्यावर सप्तर्षींचे सात तारे! माझा अंदाज असा, आणि तो माझाच आहे, की नंतरच्या कुणाच्या तरी आठवणीत दोन झेंडे एकमेकांत मिसळले. माणसांच्या आठवणीत चुलत्यांची नावं मिसळतात तशी. तोच मजकूर एकातून दुसऱ्यात उतरत राहिला, मीही त्यात माझं सुवाच्य अक्षर मिळवलं, आणि खरं कापड नारायण पेठेत सायकलच्या अंतरावर काचेमागे होतं.

तो झेंडा शिवला कुणी, याचे दावेदारही पुष्कळ. कुणी सावरकरांचं नाव घेतं, कुणी कामाबाईंचंच, कुणी बंगालच्या हेमचंद्र दास कानूनगोंचं. हेमचंद्र तेव्हा पॅरिसमध्ये होते, आपल्या पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांबरोबर, म्हणजे पुढच्या सेनापती बापटांबरोबर, बॉम्ब बनवायची विद्या शिकत. झेंड्याचा नक्षा कलकत्त्याच्या झेंड्याशी इतका जुळतो की त्यात बंगालचा हात आहे हे उघड आहे. यापलीकडे मी गेलो नाही. बारशाला नाव कुणी सुचवलं यावर आमच्याकडेही दोन आत्या आयुष्यभर भांडल्या.

खरा प्रश्न मला वेगळाच पडला होता. एवढा धोक्याचा कपडा पुण्याला आला कसा? आणि वाड्यानं तो ठेवून घेतला कसा?

वाड्याची गोष्ट समजल्याशिवाय यातला धोका कळत नाही. हा मूळचा गायकवाड वाडा. १९०५ मध्ये टिळकांनी तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला. त्याआधीचा मुक्काम विंचूरकर वाड्यात, जिथे १८९४ मध्ये त्यांनी सार्वजनिक गणपती बसवला. बिऱ्हाड गायकवाड वाड्यात आलं तसा गणपतीही आला. केसरीचं कामकाज तिथून चालू लागलं, आणि लोक वाड्याला केसरीवाडाच म्हणू लागले. वंगभंगाचं तेच वर्ष. म्हणजे ज्या वर्षी 'वंदे मातरम्' ही नुसती कविता राहिली नाही, घोषणा झाली, त्याच वर्षी हा वाडा टिळकांचा झाला.

स्टुटगार्टला एक वर्षही पुरं झालं नव्हतं, तेव्हा मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. त्यावर केसरीत अग्रलेख आले. २४ जून १९०८ ला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि इकडे वाड्याची झडती सुरू झाली. एका वर्तमानपत्राचं आणि एका विद्वानाचं घर. कागदच कागद. त्या कागदांच्या ढिगातून पोलिसांनी काय शोधून काढलं? एक पोस्टकार्ड. त्याच्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं होतं, त्यासाठी टिपून ठेवलेली नावं, असा टिळकांचा खुलासा. सरकारी पक्षानं ते कार्ड न्यायालयात पुरावा म्हणून ठेवलं. नऊ जणांच्या ज्युरीत सात जण दोषी म्हणाले, दोन निर्दोष. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि त्या संपाबद्दल परदेशात लिहिणाऱ्यांत एक लेनिन होते. आदल्या वर्षी स्टुटगार्टच्या परिषदेत होते तेच.

(बरोबर एकोणचाळीस वर्षांनी, २२ जुलै १९४७ लाच, संविधान सभेनं तिरंगा स्वीकारला. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण वहीत तारखा एकाखाली एक लिहिताना माझा हात थांबला होता.)

सांगायचं ते हे, की ज्या घरात एका पोस्टकार्डाचं असं वजन झालं, त्या घरात काय ठेवलेलं परवडतं आणि काय नाही, हे तिथल्या माणसांना इतर कुणाहूनही जास्त माहीत होतं. आणि तरी तिथेच हा झेंडा आला.

तो आणला इंदुलाल याज्ञिकांनी. हे नाव मला पुण्याच्या गोष्टीत अपेक्षित नव्हतं. गुजरातचे पत्रकार आणि पुढारी. त्यांचं मासिक गांधींकडे गेलं आणि त्याचंच पुढे 'नवजीवन' झालं. येरवड्याच्या तुरुंगात गांधींबरोबर होते, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास गांधींनी सांगितला तो याज्ञिकांनी तिथेच उतरून घेतला. म्हणजे पुण्याशी त्यांची ओळख तुरुंगाच्या बाजूनं. तिसाच्या दशकात ते युरोपात होते. श्यामजी कृष्णवर्मांचं चरित्र पुढे त्यांनीच लिहिलं. त्या काळात झेंडा त्यांच्या हाती आला आणि त्यांनी तो लपवून ब्रिटिश हिंदुस्थानात आणला.

कामाबाई स्वतः परतल्या १९३५ च्या नोव्हेंबरात. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सरकारनं त्यांना पॅरिसमधून हलवून नजरकैदेत ठेवलं होतं, नंतर पक्षाघात झाला होता. राजकारणात भाग घेणार नाही असं लिहून दिल्यावरच इंग्रजांनी त्यांना मुंबईला येऊ दिलं. नऊ महिन्यांनी, १३ ऑगस्ट १९३६ ला, पारशी रुग्णालयात त्या गेल्या. बाईला सरकारनं सही घेऊन येऊ दिलं, झेंडा मात्र कुणाच्याही सहीशिवाय आला. बाई एका वाटेनं आली, झेंडा दुसऱ्या.

याज्ञिकांचं पुढचं आयुष्य पाहिलं की हसू येतं. १९५६ नंतर महागुजरात चळवळीचे ते नेते. इकडे आपण 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणून रस्त्यावर, तिकडे ते गुजरात वेगळा करा म्हणून. मराठी माणूस त्या काळात तिकडच्या पुढाऱ्यांबद्दल बरं बोलत नसे. आणि त्याच माणसानं जिवावरची जोखीम घेऊन आणलेली वस्तू पुण्यातल्या सगळ्यांत मराठी वाड्यात सुखरूप होती.

माझ्या त्या शोधानंतर सात वर्षांनी, २००४ मध्ये, आणखी एक प्रकार झाला. काही राजकीय पुढाऱ्यांनी दुसराच एक झेंडा स्टुटगार्टचा मूळ झेंडा म्हणून पुढे केला. तो निघाला १९२० च्या दशकातल्या नक्षाचा. त्याच्यावर चंद्रकोर नव्हती आणि सूर्यही नव्हता. तोवर मी नोकरीला लागलो होतो, वर्तमानपत्रात ती बातमी वाचली आणि मला वहीतले माझे सात तारे आठवले. माझी चूक अज्ञानाची होती. ही कशाची होती ते मी इथे लिहीत नाही, पण सूर्य आणि चंद्र दोन्ही एकाच पट्ट्यावर असलेलं कापड नारायण पेठेत काचेमागे उघड दिसत असताना ती करायला हिंमत लागते. वाडा नसता तर बहुधा खपूनही गेली असती.

पण मी सांगत होतो १९९७ चं. भिंतीवरच्या मासिकातलं चित्र मी फाडलं, नवीन काढलं, आठ कमळांचं. दिवाळीच्या सुट्टीत रात्रीच्या एसटीनं परभणीला आलो, तिथून जिंतूर, जिंतूरहून येलदरी. आबा ओट्यावरच होते. वय सदुसष्ट, पण पाठ ताठ. मी त्यांना सगळी कथा सांगितली. स्टुटगार्ट त्यांना म्हणता येईना, त्यांनी त्याचं 'तुटगाठ' केलं. पारशी बाईचं त्यांना कौतुक वाटलं. चंद्रकोरीवर ते क्षणभर गप्प बसले. रझाकारांचा काळ पाहिलेला माणूस. मला वाटलं, आता काही तरी तिखट येणार.

"ठेवली ना तशीच?" त्यांनी विचारलं.

"हो. तशीच आहे."

"काढून नाही टाकली कुणी?"

"नाही."

"मग बरं." त्यांनी अडकित्ता उचलला. थोड्या वेळानं पुन्हा थांबले. "किती वर्षं लपून होता म्हणालास?"

"सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं परदेशात. मग लपवून आणला. त्यानंतरही इंग्रज दहा-बारा वर्षं होतेच."

"आमचा तेरा महिने." ते तुळईकडे बघत म्हणाले. तिच्या खालच्या बाजूला धुरानं काळं पडलेलं लाकूड होतं, तिथे आता कॅलेंडर टांगलेलं. "घड्या दिसतात का रे त्याच्या?"

मी आठवून पाहिलं. रंग आठवले, अक्षरं आठवली, सूर्य, चंद्र. घड्या बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काच होती आबा. उजेड पडत होता तिच्यावर."

"बघून ये," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला नीट बघून ये."